मणीकामाची कृती नवशिक्यांसाठी लिहायची कशी? माझा कागद नापास झालाय

सुईत_दोरा (डिचोली)

नमस्कार मंडळी. मी गेली २६ वर्षं मोत्यांची तोरणं, ताटावरचे रुमाल, समईखालच्या चकत्या असलं काहीबाही करत आले आहे. रुखवतांचीही कामं घेते. शिकले ती मावससासूबाईंच्या शेजारी बसून. त्यांनी कधी काही समजावलं नाही, मीही कधी विचारलं नाही. त्या करायच्या, मी बघायचे. चुकलं की माझ्या हातातून काम काढून घ्यायच्या, दोन घरं (चार-चार मोत्यांचे चौकोन) उसवायच्या आणि एक शब्द न बोलता परत द्यायच्या. माझं शिक्षण एवढंच.

यंदा आमच्या वाड्यावरच्या नऊ जणींनी ठरवलं की चवथीला (गणेशचतुर्थीला) दारावर स्वतःच्या हातचं तोरण लावायचं. देवळाची अग्रशाळा शनिवारी दुपारी रिकामी असते, तिथं तीन ते पाच बसतो. दोन तासांत नऊ जणींच्या हातांकडे लक्ष देणं मला जमेना. एकीचं सोडवेपर्यंत दुसरीचा गुंता. म्हणून मी बसून कृती लिहून काढली, नऊ झेरॉक्स मारल्या, प्रत्येकीला ६ एमएमचे पांढरे मोती आणि तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) दिला आणि सांगितलं, घरी करून बघा, पुढच्या शनिवारी घेऊन या. फक्त एक पट्टी. दहा घरं लांब, दोन ओळी रुंद. तोरणाच्या वरच्या पट्टीचा सराव म्हणून.

कागदावर लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते, हसू नका.

साहित्य: मोती ६०, तंगूस.
१. तंगुसात चार मोती ओवून क्रॉस करा.
२. डाव्या दोऱ्यात एक व उजव्या दोऱ्यात एक मोती घ्या. एका मोत्यात क्रॉस करा.
३. असंच दहा घरं होईपर्यंत करत जा.
४. वळून दुसरी ओळ सुरू करा. बाजूचा मोती धरून दोन मोती घ्या व क्रॉस करा.
५. असंच शेवटपर्यंत. गाठ मारा.

मला वाटलं, यात न कळण्यासारखं आहे काय? पाच ओळींत पट्टी.

शनिवारी काय आलं ते ऐका. चौघींनी केलंच नव्हतं (पाहुणे, पाऊस, वीज गेली, पाहुणे). एकीला चार मोत्यांचं घर जमलंच नाही, तिच्या दोऱ्याला एक झुमका लटकत होता. दोघींनी पहिली ओळ केली आणि वळणावर थांबल्या. एकीनं आणली ती सरळसोट लांब पट्टी, एकाच ओळीची, १९ घरांची. म्हणाली, दुसरी ओळ कुठं सुरू होते ते कळलं नाही म्हणून पुढंच जात राहिले, मोती संपत आले तेव्हा थांबले.

आणि नववी. तिचा हात आमच्यात सगळ्यात चांगला. तिला दुसरी ओळ कशी वळवायची हे कागद न बघताच उमगलं होतं. तिनं पट्टी पूर्ण केली होती, आणि रात्री अकरा वाजता सगळी उसवून टाकली. "बाय, आठ उरले. म्हजें कितेंतरी चुकलां." कागदावर ६० होते आणि तिच्या वाटीत आठ शिल्लक.

मी तिला म्हटलं अगं उरले तर उरले. पण ते का उरले हे मलाही सांगता येईना. २६ वर्षांत मी मोती मोजून घेतलेच नाहीत, पाकीट फोडायचं आणि बसायचं.

तर मला विचारायचंय ते हे. तुमच्यापैकी कोणी हातकामाची कृती लिहिता का? शेजारी बसून शिकवता येतं ते कागदावर कसं उतरवायचं? आमच्याकडे बोलायचं कोंकणीत आणि वाचायचं मराठीत, त्यामुळे शब्द सोपे हवेत हे मला कळतं. पण शब्दांचा घोटाळा वाटत नाही, काहीतरी दुसरंच आहे.

---

रानभेंडी (साखळी)

वहिनी, व्हिडिओ काढा ना सरळ. मोबाइल डब्यावर टेकवून ठेवा, हात दिसले की झालं. हल्ली कागद कोण वाचतं?

---

सुईत_दोरा (डिचोली)

काढला होता, पहिल्यांदा तोच काढला. सहा मिनिटांचा. आमच्या खालच्या वाड्यावर रेंज खिडकीत उभं राहिलं तरच मिळते, आणि दोघींचे फोन नातवंडांकडे असतात. पण खरी अडचण वेगळी. तंगुसाची दोन टोकं दोन हातांत ताणून धरलेली असतात. व्हिडिओ थांबवायला बोट आणायचं कुठून? सोडलं की तंगूस उसळतो आणि मोती पलंगाखाली. कागद समोर पडून राहतो, त्याला हात लावावा लागत नाही.

शिवाय व्हिडिओत माझ्या हातांनी सगळं झाकलं होतं. अंगठाच अंगठा.

---

तांबडी_माती (फोंडा)

आधी सांगून टाकते, मला मोत्यांचं क्रॉसचं काम येत नाही. मी क्रोशावाली. गेली काही वर्षं क्रोशाच्या कृती लिहून देते, त्यामुळे लोक कुठं अडखळतात ते थोडंफार ठाऊक आहे. तुमची पोस्ट वाचली, घरात लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टचे मोती पडले होते, ते काढले आणि तुमचा कागद समोर ठेवून बसले. म्हणजे तुमची दहावी विद्यार्थिनी मी. जे झालं ते क्रमानं लिहिते.

तंगूस किती घ्यायचा? लिहिलेलं नाही. मी हातभर घेतला, पाचव्या घरातच संपला. पुन्हा दीड मीटर घेतला, तो पुरून उरला.

"चार मोती ओवून क्रॉस करा." क्रॉस म्हणजे काय हे ज्याला येतं त्यालाच ते कळतं. मी दोन्ही टोकं चौथ्या मोत्यातून एकाच बाजूनं घातली. ओढलं, आणि माझाही झुमका झाला! तुमच्या त्या बाईंचं नेमकं हेच झालं असणार. इथं "क्रॉस" हा शब्द आधी फोडून सांगायला हवा: एक टोक मोत्याच्या एका भोकातून आत, दुसरं टोक समोरच्या भोकातून आत, दोन्ही टोकं एकमेकांना ओलांडून विरुद्ध दिशांना बाहेर. आणि त्यापुढे लगेच एक वाक्य की आता काय दिसायला हवं. "चार मोती चौकोनात बसले पाहिजेत. लोलकासारखे लटकत असतील तर दोन्ही टोकं एकाच बाजूनं गेली आहेत, एक काढून समोरून घाला." हे वाक्य असतं तर मी उठून चहा करायला गेले नसते.

मग डावा दोरा, उजवा दोरा. बाई, इथं मी वीस मिनिटं घालवली. मी गुणी मुलीसारखी एका टोकाला लाल मार्करची खूण केली, हा डावा. एक घर झालं की तो उजवीकडे! मला वाटलं चुकलं, म्हणून उसवलं. पुन्हा तेच. मग लक्षात आलं की क्रॉस केल्यावर दोरे जागा बदलतातच, तेच तर क्रॉस. तुम्हाला हे दिसतच नाही कारण तुमच्या लेखी डावा म्हणजे आत्ता डावीकडे असेल तो. नवशिकीच्या लेखी डावा म्हणजे मघाशी डावा म्हटला होता तो. एक ओळ घाला: प्रत्येक घरानंतर दोरे जागा बदलतील, ते बरोबरच आहे.

आणि पट्टी धरायची कशी? उभी की आडवी? मी आडवी धरली होती, त्यामुळे मला डावा-उजवा नव्हताच, वरचा-खालचा होता. तसंच लिहा असं माझं मत. पट्टी टेबलावर आडवी ठेवा, ती तुमच्या उजवीकडे वाढत जाईल, एक दोरा वर निघतो, एक खाली.

आता आठ मोत्यांचं. क्रोशाच्या कृतीत प्रत्येक फेरीच्या शेवटी कंसात टाक्यांचा आकडा असतो, ३६ खांब, ४२ खांब (खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका). तो आकडा म्हणजे शिकणाऱ्याचा एकमेव साक्षीदार. म्हणून मी तुमची पट्टी मोजली. पहिल्या घराला चार मोती. दुसऱ्या घराची एक भिंत आधीचीच, म्हणून नवे तीनच. असे दहा घरांना ४ आणि ९ गुणिले ३, म्हणजे ३१. दुसऱ्या ओळीत तळ आधीच तयार आहे: पहिल्या घराला नवे तीन, पुढच्या नऊ घरांना दोन-दोन. ३ आणि १८, झाले २१. एकूण ५२. तुम्ही बहुतेक वीस घरं गुणिले तीन असं धरून साठ लिहिलेत. त्या बाईंचं काम शंभर टक्के बरोबर होतं. उसवलं कागदामुळे. १९ घरांच्या पट्टीचाही हिशेब लागतो: ४ आणि १८ त्रिक ५४, म्हणजे ५८, दोन मोती उरले असणार. विचारून बघा.

शेवटी वळण. इथं मी हरले. तुमच्या कागदाप्रमाणे दहा घरं केली, दोरे शेवटच्या उभ्या मोत्यातून निघत होते. "वळून दुसरी ओळ." वळले. म्हणजे पट्टी फिरवली. दोरे अजून तिथंच, टोकाला. तिथून काहीही केलं तरी अकरावं घरच होतं. म्हणून मला शंका आहे, रागावू नका: दहावं घर तुम्ही खरंच आधीच्या नऊ घरांसारखंच करता का? एकदा मोती घेऊन बसा आणि अगदी हळू करून बघा. हात काय करतो ते बघा, डोक्याला विचारू नका.

---

रानभेंडी (साखळी)

व्हिडिओचा सल्ला मागे घेतो. आमच्या घरात बहीण बारीक मण्यांचं काम करते, पेयोटी नावाचा टाका. तिनं विकत घेतलेल्या छापील कृतीतही हीच बोंब होती. आधी दहा मणी ओवायचे, मग "तिसरी ओळ सुरू करा". तिसरी? पहिली संपून दुसरी गेली कुठं? मागाहून कळलं की त्या टाक्यात आधी ओवलेले दहा मणी एक वर एक खाली सरकून पहिली आणि दुसरी अशा दोन ओळी होतात. अकरावा घ्यायचा, दहावा सोडायचा, नवव्यातून परत जायचं, तेव्हा कुठं त्या दिसायला लागतात. कृतीत हे एका वाक्यात लिहिलं असतं तर तिनं आठ दिवस आमच्याशी बोलणं टाकलं नसतं.

आणखी एक, मण्याच्या नंबराचं नक्की लिहा. तिनं ८ नंबर मागवले आणि मोठे आले म्हणून रडली. नंबर वाढला की मणी लहान. ११/० म्हणजे साधारण २ मिलिमीटर, ८/० त्याहून मोठा, ३ च्या आसपास. सुईचंही तसंच, १० पेक्षा १२ नंबर बारीक.

---

डावखुरी (वास्को)

मी नावाप्रमाणेच. आयुष्यभर प्रत्येक कृती आरशात वाचल्यासारखी वाचली आहे. तांबडी_माती म्हणतात तसं वरचा-खालचा दोरा लिहिलंत तर आमच्यासाठी वेगळं काहीच करावं लागत नाही, पट्टी फक्त डावीकडे वाढेल. नऊ जणींत एखादी डावखुरी असेलच, ती बोलणार नाही, गप्प बसून चुकत राहील. विचारून घ्या.

फोटो घालणार असाल तर मोती पांढरे, तंगूस पारदर्शक आणि खाली पांढरी चादर असं करू नका हो. निळी किंवा तपकिरी पाटी घ्या. दोरा दिसण्यासाठी अर्ध्या तंगुसाला मार्कर फासा. आणि त्या पायरीत नवीन येणारे मोती लाल घ्या, आधीचे पांढरे. हात फोटोत नकोच, काम पाटीवर ठेवून वरून काढायचा. झेरॉक्समध्ये लालही काळाच येतो, चालतं, फरक कळल्याशी कारण.

---

मीठागर (पेडणे)

मी मंगळसूत्रं गाठवून देतो. वडील करायचे, आजोबा करायचे. शिकवायला मला येत नाही पण दोन गोष्टी सांगतो.

गाठ मारा एवढंच लिहून भागत नाही. तंगूस गुळगुळीत, साधी गाठ आज मारली की उद्या सुटलेली. पहिल्या फेऱ्यात दोरा एकदा न गुंडाळता दोनदा गुंडाळायचा, मग वरून दुसरी गाठ. टोकं लगेच कापायची नाहीत. आलेल्या वाटेनं तीन-चार मोत्यांतून मागे न्यायची आणि मग कापायची. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. सुकेपर्यंत हात लावायचा नाही हेही लिहा, बायका लावतातच. (पुरुषही लावतात.)

दोऱ्याचं. पूर्वी आम्ही सुती दोरा वापरायचो, आपल्या पावसात ओल धरून तो कुजतो. तंगूस कुजत नाही पण ऊन त्याला खातं, कडक होऊन तुटतो. तेव्हा पश्चिमेच्या दारावर तोरण बारा महिने टांगून ठेवू नका, चवथ झाली की काढून कापडात गुंडाळा. आतून चांदीचा मुलामा असलेले काचमणी आपल्या खाऱ्या हवेत काळे पडतात, नवशिक्यांना ते देऊच नका, पैसे वाया. आणि चाकावरून काढलेला तंगूस वळ्या-वळ्यांचा असतो. कापल्यावर दोन्ही टोकं धरून चांगला ताणायचा, मग सरळ होतो. त्याशिवाय नवशिक्याच्या हातात गुंता ठरलेला.

मोजण्याविषयी तांबडी_माती बाईंनी लिहिलंय ते पटलं. जपमाळ १०८ आणि वर मेरुमणी. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात तेर्साच्या (रोझरीच्या) माळा ओवतात, त्यांचा आकडा ५९, लहान ५३ आणि वेगळे ६. त्यांच्यातली म्हातारी बाई वाटीत आधी मणी मोजून घेते, वाटी रिकामी झाली म्हणजे माळ बरोबर. आम्हीही मंगळसूत्राच्या वाट्या आणि मणी आधी मांडून घेतो, मगच दोरा हातात.

काचेचा एक मणी जास्त ओवला गेला आणि फार पुढं आल्यावर लक्षात आलं तर उसवायची गरज नाही. त्या मण्यात सुई घालून ठेवायची म्हणजे दोऱ्याला धार लागत नाही, आणि पकडीनं मणी चिरडायचा. डोळ्यांवर चष्मा हवा, वर फडकं धरा. प्लॅस्टिकच्या मोत्यात हे जमत नाही, तो चेपतो.

---

सुईत_दोरा (डिचोली)

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण मी तांबडी_माती ताईंचं ऐकून मोती घेऊन बसले होते. आणि खरंच सांगते, मला माझ्याच हाताची लाज वाटली.

दहावं घर मी वेगळं करते! २६ वर्षं करते आहे आणि मला ठाऊक नव्हतं. नवव्या घरापर्यंत वरच्या दोऱ्यात एक, खालच्यात एक, तिसऱ्यात क्रॉस. दहाव्याला माझा हात तिन्ही मोती खालच्याच दोऱ्यात घेतो आणि वरचा दोरा त्यातल्या शेवटच्या मोत्यातून उलटा घालतो. त्यामुळे दोरे टोकाच्या उभ्या मोत्यातून न निघता वरच्या आडव्या मोत्यातून निघतात. वळण ते असतं! पट्टी फिरवण्याशी त्याचा काही संबंध नाही, फिरवणं मागाहून. मावससासूबाई दोन घरं उसवून परत द्यायच्या ना, त्या बहुतेक हेच दुरुस्त करून द्यायच्या. मी बघून उचललं असणार, पण कळलं म्हणून नव्हे.

१९ घरांच्या बाईंना फोन केला. दोन मोती उरले होते. बरोब्बर दोन.

पुन्हा लिहिलं. आता एका पानाचे तीन झालेत, वाईट वाटतंय झेरॉक्सवाल्याला पैसे देताना, पण असू दे. सगळं इथं देत नाही, वळणाचा भाग तेवढा देते. चुका काढा.

मोती मोजून वाटीत घ्या: ५२. पडले-हरवले तर असावेत म्हणून ५ वेगळ्या पुडीत. ते उरायलाच हवेत. (हे वाक्य मी मुद्दाम घातलंय.)

नऊ घरं झाली की थांबा. वाटीत २४ मोती उरले पाहिजेत. कमी-जास्त असतील तर पुढं जाऊ नका, घरं मोजा.

दहावं घर वेगळं आहे. वरच्या दोऱ्यात काहीही घेऊ नका. खालच्या दोऱ्यात तीन मोती घ्या. वरचा दोरा त्या तिघांतल्या शेवटच्या मोत्यातून, समोरच्या बाजूनं घाला. दोन्ही दोरे सावकाश ओढा. आता बघा: दोरे पट्टीच्या टोकाला नाहीत, दहाव्या घराच्या डोक्यावरच्या मोत्यातून निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. टोकाला असतील तर हे घर आधीच्यांसारखं झालंय, एवढंच घर उसवा. वाटीत २१ मोती.

आता वहीचं पान उलटावं तशी पट्टी उलटा. दोरे वरच राहतील, फक्त पट्टीच्या डाव्या टोकाला येतील. डाव्या दोऱ्यात तीन मोती घ्या, उजवा दोरा शेवटच्या मोत्यातून समोरून घाला. दुसऱ्या ओळीचं पहिलं घर झालं. वाटीत १८.

पुढचं घर: खालचा दोरा आधी शेजारच्या घराच्या डोक्यावरच्या मोत्यातून नुसता पुढं न्या. नवीन मोती घेऊ नका, तो मोती दोन्ही ओळींचा आहे. वरच्या दोऱ्यात दोन मोती घ्या. खालचा दोरा त्यातल्या दुसऱ्या मोत्यातून समोरून घाला. वाटीत १६. असं आणखी आठदा. प्रत्येक घराला वाटीतले दोन जातील आणि शेवटी वाटी रिकामी होईल.

तयार पट्टी साधारण नऊ सेंटीमीटर लांब भरते. दहाच्या पुढं गेली तर दोरा सैल ओढलाय.

"असंच करत जा" हे शब्द मी काढून टाकले, त्याऐवजी कितीदा ते लिहिलं. मीठागर दादा, तुमची गाठ जशीच्या तशी घातली आहे, हात न लावण्यासकट. डावखुरी एक निघाली, मी विचारल्यावर हात वर केला, तिला पहिल्या दिवसापासून मी माझ्या उजव्या बाजूला बसवत होते. माझ्या कोपराला तिचं कोपर सारखं लागायचं ते त्यामुळे.

---

तांबडी_माती (फोंडा)

केलं. पहिल्याच झटक्यात वळले, वाटी रिकामी, पट्टी ९.१. फक्त "डोक्यावरचा मोती" हे पहिल्यांदा येतं तिथं एक छोटं चित्र काढा, चार गोल आणि नावं: डोकं, तळ, दोन भिंती. बाकी मला शंका नाही. लेकीचा प्रोजेक्ट आता मोत्यांअभावी अडलाय.

---

सुईत_दोरा (डिचोली)

चित्र काढलं. माझे गोल बटाट्यासारखे येतात, पण नावं कळतात.

काल शनिवार झाला. पाऊस असा की अग्रशाळेच्या पत्र्याखाली एकमेकींचं बोलणं ऐकू येईना, आणि त्याचा फायदा झाला, मला मध्ये तोंड घालता आलं नाही. कागद दिले आणि मी हात मांडीखाली घेऊन बसले. खरंच मांडीखाली, कारण एकीनं दहाव्या घराला वरच्या दोऱ्यात मोती घेतला तेव्हा माझा हात निघालाच होता. तिनं स्वतःच कागदाकडे बघितलं, "काहीही घेऊ नका" वर बोट ठेवलं आणि काढला.

नवांपैकी सात जणींची पट्टी झाली. एकीला दिसत नव्हतं, तिला चष्मा हवा, कागद नको. एकीनं नऊऐवजी दहा घरं केली आणि मग मोती मोजले.

आठ मोती उरलेली बाई पावणेपाचला उठून माझ्यापाशी आली. पट्टी झाली होती, वाटी पालथी घालून दाखवली, पाच मोत्यांची पुडी न फोडता परत दिली. मग पट्टी हातात उलटीपालटी केली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडून विचारलं, "मागीर दुसरे वळींतलेंय निमाणें घर वेगळें आसतलें न्ही? तिसरी वळ करची जाल्यार?" (म्हणजे, मग दुसऱ्या ओळीतलंही शेवटचं घर वेगळं असणार ना, तिसरी ओळ करायची झाली तर?)

तिसऱ्या ओळीचा कागद मी अजून लिहिलेलाच नाही.